निरोगी नमुना क्रमांक सात

वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी एक्स-रेच्या जुन्या फिल्मा पडून असायच्या,
तिथं आता माझं मशीन आहे. माझं म्हणजे
प्रकल्पाचं. मार्चपर्यंत.

डेंग्यू नाही. मलेरिया नाही. लेप्टो नाही.
मनवा खोबरेकर, वय नऊ, ताप एकशे तीन,
पाचवा दिवस.
नाही-नाहीचे तीन कागद मी टाचणीनं एकत्र लावले
आणि तिचा बाप विचारत राहिला,
"मगे ह्या काय?"

मी सांगायला गेले:
आपण विषाणूला शोधत नाही, जनूकाका.
तो फार बारीक, आणि किती जातींचा, कुणाकुणाला शोधणार?
आपण रक्तालाच विचारतो, तू काय केलंस?
कुठली जनुकं उठली, कुठली झोपूनच राहिली.
जिवाणू आला तर एक फळी उठते,
विषाणू आला तर दुसरी...
इथं माझं मराठी संपलं.
कॉलेजात हे सगळं इंग्रजीत कळलं होतं.

बाकावर उकिडवा बसलेला तो म्हणाला,
"म्हणजे आमचो टिप्या.
चोर इलो तर येगळो भुकता,
वाघ इलो तर शेपटी घालून कुयकुयता.
मी काय वाघ बघूक भायर जातंय?
हातरुणात पडान आयकतंय."

हे मला अहवालात लिहिता आलं नाही.

त्या जनुकांची नावं म्हणजे एसटीच्या पाट्या,
दोन अक्षरं, आकडा, पुन्हा अक्षर.
मनवाच्या रक्तात ती सगळी जागी होती,
कुणी कुणाला झोपू देत नव्हतं.
विषाणू, असं मी लिहिलं. कोणता, ते नाही.
डॉक्टरांनी प्रतिजैविक बंद केलं,
सलाईन चालू ठेवलं, वाट पाहिली.
आठव्या दिवशी तिनं पेज मागितली
आणि वर सुक्या बांगड्याचा तुकडा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

प्रकल्पाला निरोगी माणसंही लागतात,
त्याच गावातली, त्याच घरातली,
तुलनेसाठी. कुणी हात पुढं करत नाही.
मनवाला दाखल केलं त्याच संध्याकाळी जनूकाकांनी बाही वर केली होती,
"घे माझा. रेड्यासारखो आसंय."
मी नळीवर चिठ्ठी चिकटवली:
निरोगी, क्रमांक सात.

दुसऱ्या दिवशी, साडेचार वाजता,
सातची रेषा तेविसाव्या फेरीतच उठली.
बाकीचे निरोगी सपाट, ओहोटीच्या वाळूसारखे,
आणि हा एकटा वर चाललेला, लेकीच्याच वाटेनं.
नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा केलं.
पुन्हा तेवीस.
ताप नाही, कणकण नाही, माणूस बंदरावर,
आणि त्याच्या आत, त्याला न विचारता,
सगळं घर उठून बसलेलं.

संमतीपत्राचा चौथा परिच्छेद मीच वाचून दाखवला होता:
निकाल वैयक्तिकरीत्या कळवले जाणार नाहीत.

मी फोन लावला.
मागे बर्फ फोडल्याचा आवाज, कुणाची तरी शिवी.
ट्रॉलर सहाला सुटणार होता, आठ दिवसांसाठी.
पोरीला आई आणि मावशी बघणार होत्या,
तेलाचे पैसे आगाऊ दिलेले.
"माका काय झाला नाय गो," ते म्हणाले.
मग थोड्या वेळानं,
"दुपारचा जेवण गेला नाय, तितक्याच."

मला आकडे सांगता आले असते.
मी म्हटलं, जनूकाका, टिप्या भुंकतोय.

इंजिन चालू होतं. तांडेल कुणाला तरी दोर सोडायला सांगत होता.
"चोर काय वाघ?"
माहीत नाही, मी म्हटलं. मला फक्त भुंकणं ऐकू येतं.

बराच वेळ काही नाही.
मग माझ्याशी नव्हे, तिकडं कुणाला तरी, मोठ्यानं:
"रे, थांब. मी उतारतंय."

चिठ्ठी मी बदललेली नाही.
वहीत अजून निरोगीच आहे, सात,
पुढं पेन्सिलीनं काढलेलं एक प्रश्नचिन्ह,
आणि रात्री अकराचा ताप, एकशे एक,
तो त्यांच्या बायकोनं कळवलेला.